वाघुरीचा वाटा

मी एक जुनी वाघूर आहे. वाघूर म्हणजे रानात लावायचं शिकारीचं जाळं. आपली गोष्ट सांगताना समोरच्याला 'मित्रांनो' म्हणायची पद्धत आहे, म्हणून म्हणते. बाकी तुमची माझी कसली मैत्री? तुम्हाला माझ्या देशाचं नावही धड ठाऊक नसेल. त्यात सगळा दोष तुमचाच आहे असंही नाही. आफ्रिकेच्या मधोमध आहे म्हणून त्याचं नावच मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक. ज्यांनी बारसं केलं त्यांनी याहून जास्त डोकं खाजवलं नाही. पण इथे रान आहे, रानात आका माणसं आहेत आणि त्यांच्या पोटासाठी मी आहे. एवढं कळलं तरी तुम्हाला पुरे.

माझा जन्म एलेसीच्या मांडीवर झाला. वेलीची साल सोलायची, वाळवायची आणि उघड्या मांडीवर वळून वळून तिचा दोर करायचा. मांडी सोलवटली तरी बाई थांबली नाही. तिचा नवरा एंदोबा शेजारी बसून गाठी मारायचा आणि मध्येच तंबाखूसाठी उठायचा.

"बस खाली! तू उठलास की गाठ सैल पडते," ती ओरडायची.

"गाठ नाही, तुझी जीभ सैल आहे," तो म्हणायचा.

त्या दोघांच्या भांडणातून मी तयार झाले, त्यामुळे माझा स्वभाव असा आहे. गोड बोलणारी वाघूर हवी असेल तर दुसरीकडे शोधा.

एकटी वाघूर काही कामाची नसते. वस्तीतल्या सगळ्या झोपड्यांच्या वाघुरी टोकाला टोक जोडून रानात मोठं कडं करतात. बायका आत शिरून हाकारे घालतात, झुडपं बडवतात, आणि बिथरलेलं जनावर धावत येऊन आमच्यात अडकतं. बहुतेक वेळा ते म्बोलोको असतं, सशाहून जरासं मोठं, निळसर करड्या अंगाचं बुटकं हरीण. ज्याच्या वाघुरीत अडकलं त्याचं जनावर. पण त्याचं म्हणजे त्याच्या एकट्याचं नव्हे. वाटे घालायचा मान त्याचा, एवढंच. जिने हाकारा घातला, ज्याने पाय धरले, जो नुसता झाडाला टेकून बघत होता, त्या सगळ्यांना वाटा मिळतो. एकाचा जरी चुकला तरी रान रुसतं.

आणि धरलेल्या जनावराला हसायचं नाही. माणसांना हवं तेवढं हसा, रानाला ते आवडतं. आमच्या बायका तर चुकलेल्या माणसाची नक्कल करून त्याला पार रडवतात. पण ज्याने तुमच्यासाठी जीव दिला त्याला हसलात तर पुढची शिकार विसरा.

ही रीत मी कित्येक पावसाळे पाळली. माझ्यात अडकलेलं जनावर सुटलं असं कधी झालं नाही. वस्तीतला सगळ्यात म्हातारा सिंगा कधी कोणाचं कौतुक करत नसे, पण तोही म्हणायचा, "एलेसीची वाघूर एलेसीसारखीच आहे. एकदा धरलं की सोडत नाही." एंदोबा गेला तरी माझा मान गेला नाही. मग पाहुणे आले.

हे पाहुणे म्हणजे घामाने निथळणारे, मुंगी चावली की किंचाळणारे लोक. निसर्ग आणि संस्कृती शोधायला आलो म्हणतात. हरवली होती कुठे? आम्ही तर रोज तिच्यातच राबत होतो. त्यांना घेऊन येणारा दोंबे हा नदीकाठच्या गावातला माणूस. गावात त्याचं लॉज होतं. त्याच्या डोक्यावर कायम टोपी असायची आणि पाहुण्यांसमोर तो आम्हाला 'माझी माणसं' म्हणायचा. पण त्या माणसांच्या हातचं पाणीही त्याच्या घशाखाली उतरत नसे. गाववाल्यांचा तो जुनाच तोरा आहे. आका म्हणजे रानातलं जनावर, त्याच्या पंगतीला कोण बसणार?

एलेसीचा मुलगा बोकुंबे मला घेऊन या दोंबेकडे गेला. तंबाखू आणि मिठाच्या आशेने गेला. लॉजच्या मागे मोकळ्या वाळूत त्यांनी मला एकटीलाच बांधलं. जिथे उंदीरही फिरकत नाही, तिथे शिकार! दोंबेने बाजारातून मेलेलं म्बोलोको आणलं होतं, माश्या बसलेलं. ते त्याने माझ्या अंगावर फेकलं.

"नाचा! ओरडा! आणि हसा की जरा, पाहुण्यांना आनंद दिसला पाहिजे," तो म्हणाला आणि त्या जनावराचं तोंड हाताने उघडून स्वतःच खो खो हसला.

बोकुंबेही हसला. आधी लाजत, मग मोठ्याने. त्या दिवशी मला हात असते तर मी दोघांनाही गुंडाळून नदीत लोटलं असतं.

वस्तीला हे कळायला वेळ लागला नाही, कारण दुसऱ्या दिवसापासून कड्यात जनावर येईना. हाकारे झाले, झुडपं झोडपली, सगळे रिकाम्या हाताने परतले. बोकुंबेला खोदून विचारलं, तेव्हा त्याने सगळं ओकलं. एका संध्याकाळी एलेसी सगळ्यांच्या मधोमध उभी राहिली आणि तिने स्वतःच्या मुलाची नक्कल केली. तोंडात तंबाखू कोंबल्यासारखे गाल फुगवले, मेलेल्या हरणासमोर नाचून दाखवलं, दोंबेच्या पायाशी लोळण घेतली. बायका हसून हसून खाली बसल्या. बोकुंबे मात्र खाली मान घालून रडला.

"आई, बस कर ना."

"मी बस करते रे, पण रान कुठे बस करतंय? सूनबाई कालपासून नुसती पानं उकडतेय."

सिंगाने निकाल दिला. "ही वाघूर आता कड्यात नको. जे हसले ते दोघं हिच्याच शिकारीचा वाटा आपल्यात बसून, गप्प राहून खातील, तेव्हाच रान निवळेल. एक तर आपलंच पोरगं आहे. दुसऱ्याला कसं बसवणार ते एलेसीने बघावं."

"दोंबे आपल्या हातचं खाणार? त्यापेक्षा मगर पालेभाजी खाईल," कोणीतरी म्हणालं.

मला झोपडीमागच्या झाडाला टांगलं. उंदरांनी माझी एक कड कुरतडली. मुंग्यांनी अंगावर रस्ता केला. बाकीच्या वाघुरी रोज खांद्यावरून रानात जायच्या आणि कड्यात माझ्या जागी भगदाड राहायचं. कधी चुकून जनावर आलंच, तर नेमकं तिथून निसटायचं. वस्ती उपाशी आणि मी रिकामी. मला वस्तीचाही राग आला. मी हसले होते का? पण वाघुरीला विचारतो कोण?

मग दोंबे नवी पाहुणी घेऊन आला. उंच, पिंगट केसांची बाई होती आणि तिला सांगो, म्हणजे इथली बाजारहाटाची बोली, मोडकीतोडकी येत होती. तिला वाळूतला तमाशा नको होता, खरी शिकार बघायची होती. दोंबे एलेसीसमोर उभा राहिला.

"म्हातारे, घेऊन जा आम्हाला. मीठ देतो."

"मीठ ठेव तुझ्याकडे," एलेसी म्हणाली. "नेते. पण एक अट आहे. वाटा पडेल तो खायचा. नाही म्हणायचं नाही."

"बरं बरं, खाऊ," दोंबे पाहुणीची पिशवी उचलत म्हणाला. त्याने ऐकलंच नव्हतं. आमचं बोलणं तो कधीच ऐकत नसे.

सिंगाने कुरकुर केली, पण या एका दिवसापुरती मला कड्यात जोडायला परवानगी दिली. एलेसीने कुरतडलेली कड नव्या दोराने शिवली, ओल्या पानांच्या धुरावर मला धरलं आणि माझ्या कानात म्हणावं तसं पुटपुटली, "आज धरलं नाहीस तर चुलीत घालीन." इतकं प्रेमाने माझ्याशी कोणी बोललं नव्हतं.

हाकारा उठला. पानं सळसळली आणि एक म्बोलोको थेट माझ्यावर येऊन आदळलं. शिवलेल्या कडेला हिसका बसला. मला दात असते तर ते मी आवळले असते. बोकुंबेने झडप घालून पाय धरले आणि एका घावात काम झालं.

दोंबे झाडाआडून पुढे आला. "अरे हसा की! बाईंना फोटो..."

पुढचं त्याला बोलता आलं नाही. बोकुंबेने रक्ताने माखलेला हात सरळ त्याच्या तोंडावर दाबला होता. दोंबेची टोपी पडली आणि तो डोळे फाडून हात झाडू लागला. बायकांना एवढं पुरे होतं. एकीने टोपी डोक्यावर घातली, दुसरी दोंबे होऊन हात झाडू लागली, आणि सगळं रान हसण्याने दणाणलं. जनावराकडे कोणी बघतही नव्हतं. सगळे हसत होते ते दोंबेला.

मग एलेसीने वाटे घातले. काटक्या पेटवून तिथेच मांस भाजलं. जिने हाकारा घातला तिला, ज्याने पाय धरले त्याला, पाहुणीला. बोकुंबेने आपला तुकडा खाली मान घालून खाल्ला. शेवटी पानात एक तुकडा घेऊन एलेसी दोंबेसमोर उभी राहिली.

"माझं पोट बिघडलंय," तो म्हणाला.

बायकांनी हसणं थांबवलं, सिंगाने चिलीम खाली ठेवली. एलेसीचा हात तसाच पुढे होता. तिला दुसरा मुलगा नाही, दुसरी वाघूर वळायला मांडीत जोर नाही. हा माणूस नाही म्हणाला असता तर मी कायमची त्या झाडावर कुजले असते आणि तिची चूल दुसऱ्यांच्या दयेवर पेटली असती.

पाहुणी बोटं चाटत दोंबेला म्हणाली, "खा ना. तूच सांगितलंस मला, इथल्या माणसांत मिसळायचं. ही तुझीच माणसं ना?"

दोंबेने तिच्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे. पळायला चारी बाजूंनी वाघुरी होत्या. तो खाली बसला, टोपीशिवाय, जमिनीवर, सिंगाच्या शेजारी. तुकडा तोंडात घातला आणि गप्प राहून चावत राहिला. शेवटचा घास गिळला, तेव्हा सिंगा उठला आणि जनावर सोडवताना सुटलेलं माझं टोक उचलून त्याने शेजारच्या वाघुरीला पुन्हा बांधलं, या वेळी एका दिवसापुरतं नव्हे.

दोंबेला मी माफ केलेलं नाही. माझ्या हातात असतं तर त्याला खूरही दिला नसता. पण वाटे एलेसी घालते.

मित्रांनो, अशा गोष्टींच्या शेवटी जुन्या वस्तू हात जोडून म्हणतात की आम्हाला जपा. मी म्हणणार नाही. मला काचेत ठेवू नका, लॉजच्या भिंतीवर टांगू नका, माझा फोटो काढून आपापल्या घरी नेऊ नका. मला वापरा, फाटले की शिवा, रोज रानात न्या, माझी निगा तेवढ्यानेच राहते. आणि आमच्याकडे आलात, तर हातावर ठेवलेला वाटा मुकाट्याने खा. माझ्यात आजवर पुष्कळ जनावरं अडकली, माणूस एकच अडकला. अजून जागा आहे.