गोलूची जात

माझ्या घराच्या दोन्ही अंगांना एकेक कुत्रं आहे. डावीकडे बेबीबाईचा जिमी. पांढरा, झुपकेदार, फुटलेल्या कापसाच्या बोंडासारखा. तिच्या लेकाने तो अकोल्याहून आणला. गल्लीतल्या पोरीसोरी त्याला मांडीवर घेऊन फोटो काढतात. उजवीकडे प्रसेनजितचा गोलू. विटकरी रंग, गोऱ्ह्यासारखी छाती आणि असं रुंद डोकं, की पाहणारा दोन पावलं मागेच सरतो. गोलू पिटबुल आहे. टीव्हीवर ज्यांच्या बातम्या येतात, त्यांतला.

प्रसेनजित आधी पुण्याला कंपनीत होता. त्याच्या शेजारच्या खोलीतला माणूस गोलूला दाराला बांधून खोली सोडून गेला. तीन दिवस ते जनावर उपाशी होतं. पुढे प्रसेनजितने आमच्या तालुक्याच्या गावी, मालेगावला, झेरॉक्सचं दुकान टाकलं, तेव्हा सामानाच्या गाडीत गोलूलाही घरी आणलं. आमचं गाव किन्हीराजापासून दोन कोसांवर. इथे असं कुत्रं कोणी पाहिलेलं नव्हतं.

मी पहाटे उठते, आंघोळ करून विहारात मेणबत्ती लावते, त्रिशरण-पंचशील म्हणते. संध्याकाळी तेच पुन्हा घरी म्हणते. पौर्णिमेला अष्टशील पाळते, दुपारी बारानंतर अन्न घेत नाही. पस्तीस वर्षं झाली, खंड नाही. विहारात जाताना गोलू दिसायचा. त्याच्या ताटलीतला भात कोंबडी खात असायची आणि हा बाजूला बसून तिचं होण्याची वाट पाहायचा. मला पाहून मान खाली घालायचा. "माय, तो तुले जयभीम करून राह्यला," असं प्रसेनजितची बायको सपना म्हणायची.

त्या दिवशी विहारातून परतत होते, तर गोलूच्या ताटलीवर जिमी चढलेला. गुरगुरत होता. गोलू मागे मागे सरत थेट माझ्या पातळामागे येऊन लपला. मला हसू आलं. मी वाकून जिमीला म्हटलं, "हड, जाय घरी." त्याने वर पाहिलं आणि माझ्या मनगटाला कडकडून चावला. मी ओरडले. जिमी पळाला.

बेबीबाई धावत बाहेर आली. तिला दिसलं ते एवढंच, माझ्या हाताला रक्त आणि शेजारी गोलू उभा.

"अवं माय! खाल्लं का व त्यानं तुले!"

तिने नळाखाली माझा हात धरला, साबणाने धुतला, मला ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. निकिता सिस्टरने विचारलं, "कोणाचं कुत्रं?"

माझा दुसरा हात बेबीबाईच्या हातात होता. मागच्या वर्षी मी तापाने वीस दिवस पडून होते, तेव्हा हिनेच दोन वेळा खिचडी आणून भरवली होती. तिच्या तोंडावर तुझा जिमी चावला असं कसं म्हणू?

"शेजारचं," मी म्हटलं.

"तो पिटबुलच ना?" रांगेतल्या एका बाईने विचारलं.

"तं काय! तोच," बेबीबाई बोलली.

मी खाली पाहिलं. सिस्टरने सुई दिली, हातावर पट्टी बांधली, पुढच्या सुयांच्या तारखांचं कार्ड दिलं आणि बजावलं, "दहा दिवस त्या कुत्र्यावर लक्ष ठेवा."

माझा आवाज मुळात बारीक. माझं वाक्य पुरं होण्याआधी लोक उत्तर देऊन मोकळे होतात, आणि मलाही त्याची सवय झालेली. संध्याकाळपर्यंत गावात माझ्या हाताचा लचका तुटला होता. सकाळपर्यंत दोन बोटं गेली होती.

प्रसेनजित दारात आला. उंबऱ्याच्या आत पाय ठेवला नाही.

"माय, माफ कर मले. त्याले साखळीनं बांधला. तो तं कधी कोणाच्या अंगावर गेला नाही, आता त्याले काय झालं, मले समजून नाही राह्यलं."

त्याचे डोळे लाल होते. मी म्हणणारच होते, बापा, तसं नाही. तेवढ्यात बेबीबाई खिचडीचा डबा घेऊन आली आणि मी सांगायचं सोडून तो हातात घेतला.

त्या संध्याकाळी पंचशील म्हणताना चौथ्या शीलावर अडकले. खोटं बोलण्यापासून दूर राहीन, असं ते शील. मी खोटं कुठे बोलले? जिमीही शेजारचाच की. मनाची अशी समजूत घातली, पण ओठ काही उघडेनात. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. पलीकडून गोलूच्या साखळीचा आवाज येत राहायचा.

रविवारी वंदनेनंतर विहारासमोर माणसं जमली. पोलीस पाटील इंद्रभान आले. भला माणूस, पण गावाच्या भीतीपुढे तोही काय करणार?

"प्रसेनजित, लोकं भेले हायत," ते म्हणाले. "याच गल्लीनं लेकरं शाळेत जातात. तू त्याले आजच कुठी नेऊन सोड."

"कुठी सोडू, पाटील? एकानं एकडाव सोडलंच हाय त्याले."

"जंगलात सोड ना," गल्लीतला भागवत म्हणाला. "तिथं बिबट हाय. भाऊ भाऊ राह्यतीन."

माणसं हसली.

"भाऊ कायचा!" सपना उसळली. "कुकरची शिट्टी झाली का खाटेखाली घुसते तो. बिबट पाह्यला तं जीवच जाईन त्याचा!"

पुन्हा हसू. वाटलं, हसण्यात निभावून जाईल. पण बेबीबाई उभी राहिली. जिमी तिच्या कडेवर होता.

"हासू नका. आज या भागिरथाबाईचा हात गेला, उद्या लेकराचा गळा जाईन. तुमी त्याले दूध पाजा नाही तं पेढे चारा, त्याची जातच तशी हाय!"

चार माना हलल्या. हो, जातच तशी.

माझा बाप ग्यानबा हे वाक्य ऐकत ऐकत म्हातारा झाला होता. काही न करता ऐकत होता. आणि आज ते आमच्याच विहाराच्या अंगणात, आमच्याच बाईच्या तोंडून निघालं होतं. बेबीबाईच्या मनात तसं काही नव्हतं, हे मला ठाऊक आहे. राग तिचा आला नाही. माझा आला.

मी उभी राहिले.

"मले गोलू चावला नाही."

"माय काही म्हणून राह्यली," कोणीतरी म्हणालं. "जोरात बोल, माय."

इंद्रभान पाटलांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. एवढ्या माणसांनी माझं ऐकण्यासाठी गप्प बसावं, असं आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं.

"मले गोलू चावला नाही. जिमी चावला. गोलू तं भेऊन माह्या पातळामांगं लपला होता."

मी पट्टी सोडली. पाटलांनी चष्मा लावला, हात जवळ घेऊन पाहिला. ज्वारीच्या दाण्याएवढ्या खुणा, एकमेकींना चिकटून.

"हे त्या मोठ्या जबड्याचं काम नोहे," ते हळूच म्हणाले.

बेबीबाईचा चेहरा पांढराफटक पडला. "मंग इतके दिवस गप काहून राह्यली तू?"

"तुह्या खिचडीले जागली, बेबी. आन् त्या मुक्याले इसरली."

मला वाटलं, संपलं, आता ही माझ्या दारात पाय ठेवणार नाही. तिने जिमीला खाली ठेवलं आणि पातळ वीतभर वर सरकवलं. पोटरीवर तशाच खुणा होत्या, खपली धरलेल्या.

"मलेही चावला. मागच्या हप्त्यात."

"आन् सुई?" पाटलांनी विचारलं.

"कायची सुई? इवलासा तं दात हाय त्याचा. आन् लोकं काय म्हणतीन, पोरानं एवढ्या हौसेनं आणला..."

पाटलांनी कपाळावर हात मारला. "अवं बायाहो, कुत्रं लहान असो का मोठं, चावलं तं सुई घ्याच लागते! दोघी मिळून चोर लपवून राह्यल्या, आन् आमी दुसऱ्यालेच फाशी देऊन राह्यलो!"

निकाल तिथेच झाला. गोलू राहणार. पण प्रसेनजितने कुंपण उंच करून फाटक लावायचं, कारण जनावर ताकदीचं आहे आणि जबाबदारी मालकाची. बेबीबाईने जिमीला बांधायचं, दहा दिवस पाहायचं, आणि उद्याच दवाखाना गाठायचा.

माणसं पांगली. प्रसेनजित माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याने मला काहीही बोलावं, तो त्याचा हक्क होता.

"माय, तू लय उशिरा सांगतलं," तो म्हणाला. "पण सांगतलं."

एवढंच बोलून तो साखळी सोडायला गेला. त्या पोराने मला त्याहून जास्त काही ऐकवलं नाही, याचे उपकार मी विसरणार नाही. बेबीबाईचेही नाहीत. दुसऱ्या दिवशी ती रुसून बसली नाही. सकाळीच ऑटो दारात उभा करून म्हणाली, "चाल, दोघी टोचून घेऊ." दवाखान्यात पोचेपर्यंत मात्र तोंड बाहेर करून बसली.

दहा दिवस जिमी ठणठणीत राहिला. मग दोन्ही कुत्र्यांना सुई द्यायला प्रसेनजितने मालेगावहून जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. जिमीला सुई देताना तीन माणसं लागली. एकाचा सदरा फाटला. गोलू सपनाच्या मांडीत तोंड खुपसून थरथरत उभा होता. सुई टोचली, तो एकदा कुईं करून ओरडला आणि वळून डॉक्टरांचं मनगट चाटू लागला.

बेबीबाई फाटकाशी उभी राहून पाहत होती. मग आत आली, दोन बोटं पुढे करून त्याच्या डोक्याला लावली, मग अख्खा हात ठेवला.

"लय नरम हाय व याचं डोकं," ती म्हणाली. "मी याले काय समजत होती!"

गोलूने तिच्याकडे पाहिलं आणि सगळा भार तिच्या पायांवर टाकून दिला. ती मागच्या मागे कलंडली, माझ्या खांद्याला धरून कशीबशी सावरली.

"अवं धरा व मले! हा तं झोपूनच राह्यला माह्या पायावर!"

ती हसत होती, आणि पाय मात्र काढून घेत नव्हती.