केवळाबाईची तेरवी

सौदामिनीबाई दर गुरुवारी लातुरातल्या औसा रस्त्यावरच्या आश्रमात जात. भूकंपात पाठीचा कणा मोडून कमरेखाली लुळ्या पडलेल्या बायका तिथं राहत. नवऱ्यांनी दुसरी लग्नं केली होती, माहेरानं पाठ फिरवली होती. बाई त्यांच्या केसांना तेल लावत, चार गोष्टी ऐकत आणि दुपारच्या आत घरी परतत. एवढ्यानं त्यांचं मन भरत असे.

त्या गुरुवारी आश्रमात सामसूम होती. नर्स धम्मप्रिया एकटीच चादरी धूत होती.

“बाकीच्या नर्स कुठं गेल्या गं?”

“गेल्या, बाई. सरकारनं अनुदान बंद केलं. भूकंपाला लई वर्षं झाली म्हणे. बिनपगारी कोण राहणार? आन् केवळाबाईला कुशीवर वळवायला दोघी लागतात. मला एकटीला न्हाई जमत.”

पडून पडून केवळाबाईच्या माकडहाडापाशी जखम झाली होती. खोलीत गोडसर, कुबट वास होता.

“मला काईच दुखत न्हाई, ताई,” केवळाबाई हसून म्हणाली. “कंबरेखाली कळतंच कुठं?”

ते हसू बाईंना सोसवलं नाही.

त्यांचे यजमान बापूसाहेब यांचे क्लासेस जोरात होते. चौकाचौकात गुणवंतांचे फोटो झळकत होते.

“अहो, गुणवंतांच्या सत्काराला सगळे पालक येतायत. तिथंच आश्रमासाठी मदत मागू या,” बाई म्हणाल्या.

“ते सरकारचं काम आहे. आपण पुढं झालो की सरकार कायमचं अंग काढून घेतं. आणि आनंदाच्या दिवशी असलं रडगाणं कशाला? पोरांची मिरवणूक होऊ दे, मग बघू.”

बोलणं पटण्यासारखं होतं. बाईंनी विषय सोडला. पुढचा गुरुवार पाहुण्यांत गेला. “केवळाबाईचा ताप उतरत न्हाई, बाई,” असा धम्मप्रियाचा फोन आला, तेव्हा दारात मिरवणुकीचा ताशा वाजत होता. “उद्या येते,” बाई ओरडूनच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी जखमेतून हाड दिसत होतं. केवळाबाईला दवाखान्यात हलवलं, पण जखमेचं विष अंगभर भिनलं होतं. दिवस मावळायच्या आत ती गेली.

वर्तमानपत्रात बातमी आली आणि गाव हळहळलं. तिला टाकलेला नवरा शेषेराव गळा काढत आला. “तिची तेरवी अशी करतो की लोकांनी नाव काढावं!” बापूसाहेबांनी मंडप दिला. कुणी तांदळाची पोती धाडली, कुणी तुपाचे डबे. तेराव्या दिवशी, इतकी वर्षं या बायकांचं तोंडही न पाहिलेले लोक नव्या कपड्यांत आश्रमाच्या अंगणात पंगतीला बसले.

बाई आत गेल्या. केवळाबाईच्या रिकाम्या खाटेशेजारी पडलेल्या गुणाबाईला धम्मप्रिया एकटीच वळवू पाहत होती. गुणाबाईच्याही कमरेखाली लाल चट्टा उमटला होता.

“बाहेर लई माणसं हायत का?” गुणाबाईनं विचारलं.

“हो.”

“माझ्या तेरवीलाबी येतील?”

बाईंनी खिडकीतून पंगतीकडं पाहिलं.

“मग त्यातली चार माणसं आत्ताच बोलवा की, बाई.”

बाई तरातरा बाहेर आल्या आणि वाढप्याच्या हातातलं वरणाचं भांडं त्यांनी खाली ठेवायला लावलं.

“सौदामिनी, लोक काय म्हणतील?” बापूसाहेब दबक्या आवाजात म्हणाले.

“म्हणू द्या. शेषेराव, केवळाबाई जिवंत असताना तुम्ही कुठं होतात? आणि मी तरी कुठं होते? हे धान्य आता आतल्या बायकांच्या चुलीला जाईल. मेलेलीसाठी तुमचे हात सुटले, मग जिवंत आहेत त्यांच्यासाठी का नाही? आत गुणाबाईला वळवायला माणूस हवंय. आज हवंय, उद्याही हवंय. सरकार देईल तेव्हा देईल. मी आजपासून इथंच आहे. माझ्याबरोबर कोण येतंय?”

शेषेराव चपला शोधू लागला. मागच्या ओळीतल्या दोन बायका उठल्या आणि पदर खोचून आत गेल्या.

बाकीची पंगत खाली मान घालून पत्रावळींकडे बघत राहिली.