मातीतले मीठ ओळखणारा मी

मित्रांनो, मी एक जुना मातीमापक आहे. तळहाताएवढी पेटी, तिच्यावर छोटा पडदा आणि खाली पोलादाचे तीन काटे, एवढाच माझा देह. काटे मातीत खुपसले की तिथे ओलावा किती आणि क्षार किती, हे मी आकड्यांत सांगत असे.

एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून वहिनी मला विकत घेऊन लिंबाच्या बागेत आल्या. बाग दोन भावांची होती; वहिनी म्हणजे थोरल्याची बायको. त्या वर्षी झाडांच्या पानांच्या कडा करपू लागल्या होत्या आणि त्यावरून घरात अबोला धरला गेला होता.

"तू मोटर लावतच नाहीस. झाडं तहानेनं मरतायत," असे थोरला म्हणाला होता.

"दादा, रोज पाणी देतोय! अजून काय करू?" धाकटा चिडला होता.

तेव्हापासून दोघे एका ताटलीतली चटणीसुद्धा वहिनींमार्फत मागत. थोरल्याने बाग तोडायची भाषा सुरू केली होती.

वहिनींनी नवऱ्याला हाताला धरून आणले आणि मला एका सुकत्या झाडाच्या मुळाशी रोवले. पडद्यावर आकडे उमटले.

"अहो, बघा तरी. माती ओलीच आहे. भावजींनी पाणी दिलंय. पण क्षार बघा केवढे! मुळांना पाणी ओढताच येत नाहीये."

थोरल्याचा विश्वास बसेना. मला काढून तो झाडामागून झाड तपासत गेला. सगळीकडे तेच. शेवटी विहिरीवर जाऊन त्याने पंपाचे पाणी ओंजळीत घेतले आणि चाखले. घरात नळाचे पाणी असल्यामुळे हे कुणी तोंडाला लावलेच नव्हते. ते खारट झाले होते.

तो तसाच धाकट्याच्या दारात गेला. माफीबिफी काही नाही.

"चल, चर खणू या. मीठ धुऊन बाहेर काढायला हवं."

धाकटा उठून बाहेर आला. मग म्हणाला, "कुदळ कुठंय?"

मित्रांनो, ते दिवस आठवले की अजून बरे वाटते. दोघांनी चर खणले, तळ्याचे गोडे पाणी आणून माती धुतली. रोज मला रोवायचे आणि आकडा उतरला की पोरांसारखे हसायचे. निम्मी झाडे गेली, निम्मी वाचली. वहिनी मात्र काम झाले की न विसरता माझे काटे पुसून ठेवत.

पुढे मातीत कायमचे पुरून ठेवायचे नवे मापक आले. ते थेट फोनवर खबर देतात. मी अवजारांच्या खोलीत खिळ्याला लटकलो. पेटीत विसरलेला सेल पाझरला, काट्यांवर गंज चढला. कधीमधी थोरला मला उतरवतो, सवयीने मातीत रोवतो, कोऱ्या पडद्याकडे जरा वेळ बघतो आणि परत ठेवतो.

माझे एवढेच सांगणे आहे. तुमच्याकडची उपकरणे काम झाल्यावर पुसा, सेल काढून ठेवा. आणि झाड सुकलेले दिसले, तर घरच्या माणसावर रागावण्याआधी एकदा मातीला विचारा.