देवाने जागा दिलेली पेटी

मित्रांनो, रत्नागिरीतल्या एका वाडीच्या वळणावर हिरवी लोखंडी पेटी दिसली, तर ती मीच. इंटरनेटच्या तारा माझ्या पोटात आहेत. मी आता जुनी झाले, पण तोरा कमी नाही.

मिरजोळ्याच्या एका कारखान्यात पत्रा वाकवून मला घडवले. तेव्हा मी राखाडी होते. टेम्पोतून येताना वाटले, लोक हार घेऊन उभे असतील. कसले काय! मला नेमके आनंदीबाईंच्या अंगणासमोर रोवले. त्या निवृत्त शिक्षिका. वाडीत त्यांचा शब्द खाली पडत नसे. कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "काय मेलं ध्यान उभं केलंय दारात! रांगोळी कुणाला दाखवू, ह्याला?"

सगळी वाडी एक झाली. माझ्याच जिवावर मुंबईतल्या नातवंडांशी तासन्‌तास बोलायचे आणि मला पाहून नाक मुरडायचे! शेवटी ठरले, शिमग्यात पालखी आली की देवालाच गाऱ्हाणे घालायचे आणि दुसऱ्या दिवशी मला ओढ्यापलीकडे हलवायचे. कंपनीचा माणूसही तयार झाला. माझे काळीज पत्र्याचे, तरी धडधडले.

पालखीच्या दिवशी देवाच्या नजरेस मी पडू नये, म्हणून आनंदीबाईंनी मला नारळाच्या झापांनी झाकले. झाप उघडेबोडके दिसतात, म्हणून आंब्याचे तोरण बांधले. तोरण आले, मग पुढे रांगोळीही आली. हौसेला मोल नसते! ढोलाच्या तालावर पालखी नाचत आली. खांदेकऱ्यांना हा सजलेला मांडव दिसला. देवाची जागा हीच, असे समजून त्यांनी पालखी थेट माझ्या पुढ्यात टेकवली.

आता देवाला 'ऊठ' म्हणणार कोण? गाऱ्हाणे घालणारे भिकाजी डोके खाजवत पुढे झाले. मागे सगळी वाडी हुंकार द्यायला उभी राहिली.

"बा देवा म्हाराजा, ही पेटी हितनं हलव, असं सांगनार व्हतो..."

"व्हय म्हाराजा!"

"पन तूच तिच्या दारात बसलास! आता ऱ्हाऊ दे तिला, आनि आमच्या पोरांचं मुंबयसनं बोलनं कंदी तुटू देऊ नको!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज आनंदीबाईंचा होता. त्या हसून हसून लाल झाल्या होत्या. मला तर नाचावेसे वाटले.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस आला, तर आनंदीबाईच आडव्या आल्या. "हात लावून बघ! देवाने जागा दिलीय तिला." मग त्यांनी स्वतः मला हा हिरवा रंग लावला.

मित्रांनो, तुमच्याही वळणावर अशी एखादी पेटी असेल. तिचे दार उचकटू नका, तिच्यावर पिंक टाकू नका. सणाला एखादे तोरण बांधा. आमच्याकडे दर शिमग्याला पालखी आधी माझ्यापुढे थांबते. त्या दिवशी आनंदीबाई पहाटेच येऊन रांगोळी काढतात, मागे सरून डोळे बारीक करतात आणि मलाच विचारतात, "बरी दिसते ना गो?"