चाळीस घरांचं राज्य

चीनच्या पश्चिम सीमेवरच्या कडूपाण्याच्या ठाण्यावरून गेल्या सतरा वर्षांत एकही व्यापारी गेला नव्हता. गेले ते सगळे राजदूत. कारण साधं होतं. व्यापारी म्हणून आलात तर जकात भरा, उंटांना विहिरीचं खारट पाणी पाजा आणि उघड्यावर पडा. पण अमक्या राजाचा दूत म्हणून सम्राटांना मुजरा करायला निघालात, की जावयासारखी बडदास्त: मेंढीचं मटण, ताज्या दमाचे घोडे, आणि थेट राजधानीपर्यंतचा प्रवास सरकारी खर्चानं. एवढं कळायला फार अक्कल लागत नाही. समरकंदकडच्या माणसाला तर ते आईच्या पोटातच कळतं, असं चिनी लोक म्हणत.

या ठाण्यावर पेसाक दुभाष्या होता. त्याचे आजोबा समरकंदकडच्या सोग्द मुलखातून उंटामागून चालत आले आणि दुनहुआंग शहराच्या अलीकडे थकून बसले, ते बसलेच. पेसाक इथेच जन्मला, इथेच लिहायला शिकला, चिनी बायको केली. सीमेवरच्या शेवटच्या बुरुजापलीकडे त्यानं कधी पाऊल टाकलं नव्हतं. तरी नाक लांब आणि दाढी दाट असल्यामुळे पश्चिमेकडच्या प्रत्येक गोष्टीतलं त्याला कळतं, असं ठाण्यातल्या सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. सोग्दी भाषा तो आजीकडून शिकला होता. भाषा अस्सल होती, फक्त आजीइतकीच जुनी होती.

आलेल्या प्रत्येक दूताच्या देशाची हकीकत लिहायची, हे त्याचं काम. देशाचं नाव, राजा कोण, घरं किती, चालीरीती काय. ठाणेदार दुआन ती हकीकत मोहोर लावून वर पाठवत. वर्षभरात जितके नवे देश मुजऱ्याला येतील तितकी ठाणेदाराची कर्तबगारी. त्यामुळे दुआन साहेबांच्या कारकिर्दीत जग फार वेगानं मोठं होत चाललं होतं.

त्या वर्षी हिवाळा तोंडावर आला तरी नवा देश काही सापडेना. दुआन साहेब जेवेनासे झाले. आणि अशात एका दुपारी वर्झक नावाचा माणूस अकरा उंट घेऊन दारात उभा राहिला. पोट सुटलेला, बोलायला गोड, उंटांवर नवसागर आणि केशर. सम्राटांसाठी भेट म्हणून त्यानं काय आणलं होतं, तर पिंजऱ्यातली एक साळुंकी.

दुआन साहेबांनी देश विचारला. वर्झकनं खरं सांगितलं, कारण खोटं सुचायला त्याला सवड मिळाली नाही. नौमेथन, म्हणाला. समरकंदपासून चार मुक्काम, ओढ्याकाठी. साहेबांनी लिहवून घेतलं: नुमी. राजा कोण, असं विचारल्यावर वर्झक घुटमळला. गावचा पाटील तुतीच्या झाडावरून पडून वारला होता आणि तेव्हापासून गाव वर्झकची आई चालवत होती. साहेबांचे डोळे चमकले. बायकांचं राज्य! असल्या गोष्टी राजधानीत फार आवडीनं वाचतात.

घरं चाळीस होती. साहेबांनी पेसाककडे पाहिलं, पेसाकनं कुंचल्याकडे. चाळीसचे चार हजार करायला अक्षर एकच बदलावं लागतं, आणि शाई तर सरकारी होती. चालीरीतींत पेसाकनं लिहिलं, की इथले लोक कुत्र्याला घास घातल्याशिवाय जेवत नाहीत. हे खरं होतं. राज्यात चोर नाहीत, असंही लिहिलं, कारण चोरण्यासारखं काही नव्हतं. लोक कधी खोटं बोलत नाहीत, हे वाक्य लिहिताना तो क्षणभर थांबला आणि समोर बसलेल्या वर्झककडे पाहिलं. वर्झकनं नम्रपणे मान खाली घातली.

तेवढ्यात साळुंकी बोलली. उंट हाकणाऱ्यांत राहून ती जे शिकली होती तेच बोलली, आणि ते उंटाच्या आईबद्दल होतं. साहेबांनी अर्थ विचारला. पेसाक म्हणाला, "सम्राटांना दीर्घायुष्य चिंतते आहे."

साळुंकी राजधानीला गेली, वर्झक मटण खाऊन गेला, आणि पेसाक ते सगळं विसरून गेला. पुढच्या वर्षी उन्हाळ्यात फर्मान आलं. नुमीच्या राणीची निष्ठा पाहून दरबार प्रसन्न झाला होता. तिला 'पश्चिमशांतकारिणी राणी' असा किताब, एक झगा, एक मोहोर, चालू वर्षाचं पंचांग आणि शंभर ताके रेशीम बहाल करण्यात येत होतं. हे सगळं घेऊन कोणी जावं, तर ज्याला त्या देशाची इतकी बारीक माहिती आहे त्यानं.

दुआन साहेबांना त्याच फर्मानात बढती होती. जाता जाता त्यांनी पेसाकच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, की स्वतःच्या मुलखात जायला मिळतंय, नशीबवान आहेस.

घरी बायकोनं, लिऊनं, सगळं ऐकून घेतलं. भाजी चिरता चिरता ती म्हणाली, "अहो, नसलेल्या राज्याला शंभर ताके, आणि असलेल्या बायकोला सतरा वर्षांत एक रुमाल नाही. लिहिताना माझंही एक राज्य लिहायचंत."

मग रात्री मात्र तिनं त्याच्या अंगरख्याला लोकरीचं अस्तर लावलं. त्याला ते टोमण्यापेक्षा जड गेलं.

दुनहुआंगच्या बाजारात वर्झक सापडला. वाटाड्या म्हणून यायला तो एका पायावर तयार झाला. काशगरपर्यंत सोबतीला शिपाई होते. पुढे चिनी लोक ज्यांना कांद्याचे डोंगर म्हणतात ते उंच पहाड लागले. ते नाव ठेवणाऱ्यानं डोंगर पाहिले होते की नुसता कांदा, कोण जाणे. तिथली थंडी पाहून शिपायांना आपापल्या म्हाताऱ्या आया आठवल्या आणि ते परत फिरले.

शिपाई गेल्यावर वर्झकच्या बोलण्यात मध आला. खिंडीत शेकोटीशी बसून तो म्हणाला, "दुभाषेबुवा, समरकंदात शंभर ताके विकू. अर्धे तुमचे. पंचांग राणीला देऊ, तिला वाचता येत नाही तरी. तपासायला कोण येणार आहे इथं?"

पेसाकला मोह झाला नाही असं नाही. रात्रभर त्यानं पन्नास ताक्यांत काय काय येतं त्याचा विचार केला. पण सतरा वर्षं कागद लिहिलेल्या माणसाला एक खोड लागते. एकदा लिहिलं की ते असतं. फर्मानात राणी होती, म्हणजे राणीपर्यंत गेलं पाहिजे. सकाळी त्यानं एवढंच सांगितलं, की सरकारी गाठोड्याची गाठ मी सोडणार नाही. वर्झकनं त्याला मूर्ख म्हटलं आणि उंटावर बसला. या विषयावर दोघांचं पुढे बोलणं झालं नाही, कारण दुसऱ्या कुठल्याच विषयावर झालं नाही.

नौमेथनला ते वसंतात पोचले. चाळीस घरं म्हणणंही जरा उदारपणाचं होतं. आठ पडलेली होती. वर्झकची आई अनोशा अंगण सारवत बसली होती. हात कोपरापर्यंत चिखलात. पेसाकनं ओढ्यावर तोंड धुतलं, हिरवा सरकारी अंगरखा चढवला, गुडघ्यावर बसला आणि फर्मान वाचलं. आधी चिनीत, मग सोग्दीत.

सगळं गाव जमलं होतं. चिनी भाग लोकांनी अदबीनं ऐकला. सोग्दी सुरू झाल्यावर पोरं हसायला लागली, मग बायका, मग पुरुष. पेसाकला वाटलं, किताब ऐकून हसताहेत. पण एक म्हातारा डोळे पुसत म्हणाला, "अरे, हा माझ्या पणजीसारखा बोलतोय."

आयुष्यभर ज्या मुलखाचा म्हणून पेसाकला ओळखलं गेलं, त्या मुलखात तो पहिल्यांदा आला होता आणि पहिल्याच वाक्याला परका ठरला होता. त्याचे कान तापले. तरी त्यानं शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

अनोशानं हात धुतले. तिनं मुलाकडे पाहिलं. "मी कोणाला मुजरा पाठवला होता रे?"

वर्झक काहीतरी पुटपुटला. मग तिनं पेसाकला जवळ बसवलं, जर्दाळू पुढे केले आणि सगळं खरं सांग म्हणाली. पेसाकनं सांगितलं. साळुंकीचंही सांगितलं. ती हसली नाही.

"राणी म्हणून मला करायचं काय असतं, बाळा?"

"काही नाही, मावशी. अधूनमधून कोणीतरी मुजऱ्याला पाठवायचं."

"आणि त्या राजाचं सैन्य किती?"

"मोजलेलं नाही कोणी."

"आपल्यापासून किती लांब?"

"फार लांब."

"हे किती जणांना माहीत आहे?" असं विचारून ती उठली आणि झगा उलगडून बघायला लागली.

गोष्ट अशी होती, की ओढ्याच्या वरच्या अंगाला एका जमीनदाराची गढी होती. त्यानं तीन वर्षांपूर्वी बांध घालून कालव्याचं पाणी आपल्या द्राक्षबागांकडे वळवलं होतं. नौमेथनची पडलेली आठ घरं त्याच बांधाची पुण्याई. गावानं विनवण्या केल्या, अग्निमंदिरातल्या पुजाऱ्याला मध्ये घातलं, दोन जण मार खाऊन आले. जमीनदार धर्मशील माणूस होता. गावाच्या प्रत्येक मयताला तो न चुकता सांत्वनाचा निरोप पाठवायचा.

तिसऱ्या दिवशी अनोशा राणी बांधावर गेली. अंगात जांभळा झगा, तो तिला वीतभर लांब. मागे गावातली प्रत्येक बाई, एकेक ताका शालीसारखा पांघरलेली. शंभर ताके उन्हात झळकत डोंगर चढताहेत, हे दृश्य गढीवरून कसं दिसलं असेल ते जमीनदारालाच ठाऊक. त्यानं आयुष्यात एका वेळी तीन ताक्यांपेक्षा जास्त रेशीम पाहिलं नव्हतं. तो पागोटं सावरत खाली आला.

अनोशानं पेसाकला खूण केली. काय वाचू, असं त्यानं हळूच विचारलं. ती म्हणाली, "तुझ्या कागदात आहे तेच वाच. चिनीत वाच. आणि घसा साफ कर."

पेसाकनं वाचलं. फर्मानानंतर पंचांगही वाचलं, कारण फर्मान लवकर संपलं. कोणत्या दिवशी भात पेरावा, कोणत्या दिवशी केस कापू नयेत, हे तो खणखणीत आवाजात वाचत गेला आणि जमीनदाराच्या कपाळावर घाम येत गेला. वाचता वाचता पेसाकच्या लक्षात आलं, की इतकी वर्षं आपण लिहिलेलं कोणी ऐकताना आपण कधी पाहिलंच नव्हतं. त्याचा आवाज चढला. तो चढताच अनोशानं मोहोर वर धरली. कोणी शिकवलं नव्हतं तिला.

जमीनदारानं विचारलं, की हे काय म्हणतात.

पेसाकनं क्षणभर विचार केला. मग अनोशाकडे बोट केलं. "ह्यांनाच विचारा. मी नुसता वाचणारा."

"पाणी," अनोशा म्हणाली. "निम्मं."

संध्याकाळच्या आत बांध फोडला. वर्झकला आईनं पहिली कुदळ दिली आणि कालवा गावापर्यंत साफ होईस्तोवर ती हातातून ठेवू दिली नाही. त्याचं पोट महिन्याभरात आत गेलं. त्या मुलखात रेशमानं एवढा चमत्कार पूर्वी कधी केला नव्हता.

पेसाक उन्हाळा संपेपर्यंत राहिला. पोरं त्याला पणजोबा म्हणायची. तो त्यांच्याकडून आजची सोग्दी शिकला आणि त्यांना चिनी अंक शिकवून बसला. निघताना अनोशानं तीन ताके ठेवून घेऊन बाकीचे घरोघर वाटले, आणि सम्राटांना उत्तर लिहायला सांगितलं. तिनं सांगितलं ते असं:

"तुमचं कापड मिळालं. त्यामुळे पाणी मिळालं. आम्ही तुम्हाला ओळखत नव्हतो आणि मुजराही पाठवला नव्हता, तो माझ्या मुलाचा आगाऊपणा. आम्ही चाळीस घरं आहोत, त्यांतली आठ आता पुन्हा उभी राहताहेत. तुमच्याकडे कधी दुष्काळ पडला तर कळवा. जर्दाळू भरपूर होतात."

कडूपाण्याला परत यायला त्याला थंडीचे दिवस उजाडले. ठाण्यात नवा साहेब होता, त्याला पत्राचं भाषांतर संध्याकाळपर्यंत हवं होतं. पेसाक कुंचला घेऊन बसला. सवयीनं हाताला वाक्य सुचलं होतं: थरथरत्या गुडघ्यांनी, मुंगीसारखी क्षुद्र मी राणी... त्यानं ते कागदावर उतरू दिलं नाही. म्हातारी जे बोलली तेच त्यानं लिहिलं, जर्दाळूंसकट, चाळीससकट.  तुरुंग नक्की, असं धरून तो घरी गेला आणि लिऊला तसं सांगितलं. तिनं त्याचं जाडं पांघरूण बांधून दाराशी ठेवलं. तुरुंगात थंडी असते.

वर्षानं उत्तर आलं. दूरदेशीच्या रानवट लोकांची भाबडी राजनिष्ठा किती अलंकारिक असते, याचा नमुना म्हणून ते पत्र दरबारी दप्तरात जपून ठेवण्यात आलं होतं. चार हजार घरांच्या राणीनं विनयानं स्वतःला चाळीस घरांची म्हणवून घ्यावं, याचं विद्वानांना विशेष कौतुक वाटलं होतं. असं रत्न शोधल्याबद्दल दुआन साहेबांना आणखी एक बढती मिळाली. पेसाकला एक ताका.

लिऊनं तो दारात उजेडाला धरून पाहिला. कडेला पाण्याचा डाग होता.

"ह्यात तुमचाही एक सदरा होईल," ती म्हणाली, आणि पाठीची मापं घ्यायला त्याला वळून उभं राहायला सांगितलं.