परतीचा नग

प्रभाकररावांनी तेहतीस वर्षं कंपनीचं स्टोअर सांभाळलं, आधी भोसरीत, मग चाकणला, आणि तेवढ्या काळात गेट पासशिवाय एक वायसरसुद्धा बाहेर जाऊ दिला नाही. रिटायर झाल्यावर माणसं देवदेव करतात. प्रभाकररावांनी निगडी प्राधिकरणातल्या शीतल विहार सोसायटीचं सेक्रेटरीपद घेतलं. सोसायटीचं नशीब, दुसरं काय!

एका मंगळवारी त्यांची नात ऋता, वय वर्षं नऊ, एकटीच गेटबाहेर पडली आणि चारशे पावलांवरच्या मैदानात लगोरी खेळायला गेली. डी विंगच्या साधनाताईंनी गॅलरीतून तिचा पाठमोरा फोटो काढून ग्रुपवर टाकला. "ही कुणाची मुलगी? एकटी आहे!!" अर्ध्या तासात त्रेसष्ट मेसेज आले. कुणी कुठकुठल्या बातम्या टाकल्या, कुणी नुसते हात जोडले, एकाने चुकून वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. मुलगी खुद्द सेक्रेटरीची नात निघाली, तेव्हा प्रभाकररावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रविवारच्या मीटिंगमध्ये सोसायटीतल्या मुलांचं एकट्याने बाहेर जाणंच बंद करायचं ठरत आलं होतं. तेवढ्यात मागच्या सतरंजीवरून ऋता उठली.

"आजोबा, तुमच्या कंपनीतून वस्तू एकट्या बाहेर जायच्या ना?"

"त्यांना गेट पास असायचा."

"मग मला पण द्या."

सभा हसली. प्रभाकरराव हसले नाहीत, कारण त्यांना ते पटलं. साधनाताईंनी मात्र बजावलं, "पहिल्या दिवशी जरा जरी घोटाळा झाला, तरी मुलांचं बाहेर जाणं कायमचं बंद." ऋताने आजोबांकडे असं काही पाहिलं, की त्यांनी त्याच रात्री फॉर्म तयार केला.

फॉर्म तीन प्रतींत होता. मटेरियल : मुलगी. नग : एक. प्रयोजन : लगोरी. स्थिती : डावा गुडघा आधीच खरचटलेला. परत येण्याची वेळ : साडेसहा. आणि सगळ्यांत खाली दोन चौकोन, रिटर्नेबल आणि नॉन-रिटर्नेबल. परत येणाऱ्या मालाला पहिला, कायमच्या जाणाऱ्याला दुसरा.

"अहो, पोर आहे ती, नटबोल्ट नाही," वासंतीबाई नवऱ्याला म्हणाल्या. "नग म्हणायचंच असेल तर तो तुम्ही आहात."

सोमवारी पाच वाजता ऋता पास घेऊन गेटवर गेली. वॉचमन हिंदुराव मूळचे लातूरकडचे. त्यांचीही वीस वर्षं प्रभाकररावांच्याच कंपनीच्या गेटवर गेली होती, पण स्क्रॅप यार्डाच्या. तिथून गेलेलं भंगार कधी परत आलं नव्हतं. सवयीच्या हाताने त्यांनी दुसऱ्या चौकोनात खूण केली, शिक्का मारला आणि एक प्रत ऋताच्या हातात दिली.

साडेसहाला ऋता घामाघूम होऊन परतली. हिंदुरावांनी रजिस्टर उघडलं आणि त्यांचा चेहराच पडला. प्रभाकरराव पाच मिनिटांपासून गेटच्या आत येरझारा घालत होते.

"साहेब, हिला आत घेता येत न्हाई. कागदावर कायमची गेलेली हाय."

"अरे, ही समोर उभी आहे!"

"उभी हाय, मी कुठं न्हाई म्हनतो? पर तुमीच शिकवलं, आधी कागद, मग वस्तू."

शिकवलं होतं खरं. प्रभाकररावांना या माणसाचा राग यावा की अभिमान वाटावा, तेच कळेना. पास रद्द करायचा तर तिन्ही प्रती हव्यात, आणि ऋताने तिच्या प्रतीचं विमान केलं होतं, ते नाल्यापलीकडे गेलं होतं. नवा माल म्हणून आत घ्यायची, तर पुरवठादाराची सही लागणार.

"पुरवठादार कोन?" हिंदुरावांनी पेन सरसावलं.

"तिचे आईबाप सेकंड शिफ्टला गेलेत!" वासंतीबाई गॅलरीतून ओरडल्या. "नि पुरवठादार कुणाला म्हणता हो?"

डी विंगच्या गॅलरीत साधनाताई मोबाइल घेऊन उभ्याच होत्या. आता घोटाळा झाला असं कबूल केलं, तर पोरीचं मैदान गेलं. मग प्रभाकररावांना पासाच्या नियमांतला आपलाच चौथा नियम आठवला : मोठ्या माणसासोबत येणाऱ्या मुलाला पास लागत नाही. ते झटकन गेटबाहेर गेले आणि त्यांनी नातीचा हात धरला.

"चल आत."

"आजोबा, आता मी परत यायचंच नाहीये ना? मग अजून एक डाव होईल," ऋता म्हणाली आणि हात धरून त्यांनाच घेऊन निघाली.

अठरा वर्षांत प्रभाकरराव त्या रस्त्याने पायी गेलेच नव्हते, गेले ते स्कूटरवरून. कोपऱ्यावर पंक्चरवाले मारुतराव बसले होते.

"काय ऋता, आज कुनाला घेऊन आलीस?"

"आजोबा आहेत. पहिल्यांदाच आलेत."

"जपून ने बरं. पुढं खड्डा हाय."

नारळवाल्या छबूबाईंनी रिक्षा हाताने थांबवून धरली आणि दोघांना पलीकडे जाऊ दिलं. ग्रुपवर त्रेसष्ट मेसेज आले होते, पण ऋता या रस्त्यावर कुठे ठेचकाळते हे या दोघांनाच ठाऊक होतं. प्रभाकररावांना थोडी लाज वाटली.

मैदानात मुलांनी त्यांना हातोहात डावात घेतलं. त्यांनी नेम धरून लगोरी फोडली, आणि आपण फोडली याचा आनंद होऊन पळताना सपशेल आडवे झाले, गुडघा फुटला. उठताना उगाचच आई आठवली. खेडच्या गावी ते दिवसभर ओढ्याकाठी असायचे. शेजारणीने विचारलं, पोरगं कुठंय, की आई चुलीपुढून म्हणायची, "आसंल कुठंतरी. भूक लागली की येतंय घरी." तिने कधी घड्याळ पाहिलं नाही. तिच्याकडे घड्याळच नव्हतं.

सव्वासातला दोघं गेटवर आली. हिंदुरावांनी वाकून पाहिलं.

"साहेब, जाताना गुडघा बरा व्हता."

"असू दे. चौथा नियम लाव."

"लावतो की. पर कोन कोनासोबत हाय?"

"आजोबा माझ्यासोबत आहेत," ऋता म्हणाली.

हिंदुरावांनी ऐकलं तसंच लिहिलं : मोठे माणूस, ऋता. सोबत मूल, एक नग. प्रभाकररावांनी ते वाचलं आणि खाली सही केली. साधनाताईंनी फोटो टाकला, तो गुडघ्याचा होता. खाली सेक्रेटरीने उत्तर दिलं, "घोटाळा झाला, तो कागदाचा. मुलगी धडधाकट आहे. गुडघा माझा आहे."

दुसऱ्या दिवशी पाच वाजता त्यांनी स्वतः पास भरला. रिटर्नेबलच्या चौकोनात दोनदा खूण केली. वेळेच्या रकान्याशी बराच वेळ थांबले, मग लिहिलं, "भूक लागल्यावर."

"साहेब," हिंदुराव म्हणाले, "हे रजिस्टरला कितीला लावू?"

ऋता तोवर मारुतरावांच्या टपरीपर्यंत पोचली होती. तिने मागे वळून पाहिलं नाही. प्रभाकरराव गेटपाशी थांबले नाहीत, लंगडत तडक तिसऱ्या मजल्यावर स्वयंपाकघरात गेले.

"वासंती, थालीपिठं लाव," ते म्हणाले. "आणि खिडकी उघड. वास मैदानापर्यंत जाऊ दे."