पेनरोजमधलं तुळशीपत्र

शपथ घेऊन सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. पटत नसेल त्याने खुशाल सातासमुद्रापार, पेनरोजच्या त्या चहाच्या फॅक्टरीत जाऊन विचारावं.

तर सुलेखा कपावर वाकली होती. चहा चाखायचा म्हणजे चमचाभर चहा जोरात भुरकायचा, तोंडात घोळवायचा आणि बादलीत थुंकायचा. वर्षभर ती टेम्पररी टेस्टर होती, आज कायम होण्याची परीक्षा. तिने असा भुरका मारला की छपरावरचे सीगल उडाले. हेही खरं. पेपरमिंट थुंकली, कॅमोमाइल थुंकली, जास्वंद थुंकली. पुढचा कप तोंडाला लावला आणि थांबली. कृष्णतुळस.

तिने गिळली.

"स्पिट इट, लव्ह," मॅनेजर डेबी म्हणाली. गिळलं की पुढची चव बिघडते, म्हणून गिळणारा नापास, हा नियम. तरी डेबीने दुसरा कप भरला. "ट्राय अगेन. देअर्स हीप्स." म्हणजे चहा भरपूर आहे.

शेजारी सुशांत होता. इचलकरंजीहून शिकायला आलेला, इथलाच झालेला. बादलीवर वाकल्याचं निमित्त करून तो पुटपुटला, "ताई, थुंका ना. कायम व्हायचंय की नाही?"

"तुळस आहे ती."

"मग? मघाशी जास्वंद थुंकलात, तेव्हा गणपती नाही आठवला?"

"मरताना आईच्या तोंडात जास्वंद नाही ठेवत रे."

कोविडमध्ये देशाची बॉर्डर बंद होती, जाता येईना, तेव्हा मिरजेला सुलेखाची आई गेली. तोंडात तुळशीपत्र शेजारणीने ठेवलं. सुलेखाने ते फोनवर पाहिलं, तेही मध्येच चित्र अडकलं.

"इट्स जस्ट अ लीफ," दुसरा कप तसाच भरलेला पाहून डेबी हसून म्हणाली.

तिथे सुलेखाचं डोकं फिरलं. नुसतं पान? मग पाकिटावर सोनेरी अक्षरांत 'सेक्रेड' कशाला छापलंय? विकताना पवित्र आणि चाखताना बादली? आमचा देव तुम्हाला फक्त खोक्यावर चालतो का? हे सगळं ती इंग्रजीत बोलली. व्याकरण गेलं खड्ड्यात, पण शब्द एकही गिळला नाही.

मग तिने चमचा बाजूला ठेवला, कप उचलला आणि उभ्या उभ्या सगळा पिऊन टाकला. नोकरीवर तुळशीपत्र ठेवलं म्हणतात, ते असं.

ती गाडीपाशी पोचते तोच डेबी धावत आली, एका पायातली जँडल, म्हणजे इथली चप्पल, वाटेतच सुटलेली. "सॉरी, सुलेका. कम बॅक इन," म्हणाली, आणि आपल्या हाताने तिला आत घेऊन गेली.

बरं, एवढं एक कबूल करते. सीगल उडाले, ते खरंच. डेबी मात्र बाहेर आली नाही. कुणीच आलं नाही. सुलेखा गाडीत कितीतरी वेळ बसून होती, चव जाऊ नये म्हणून तोंड घट्ट मिटून.